ताईंचे सोपे शब्द

धाकट्या बहिणीला जुळी झाली, त्या वर्षी थोरलीने कारखान्यातल्या फिटर लोकांसाठी सोपे शब्द बनवले. कारखाना पिशव्या भरायची यंत्रं करी आणि त्यांचा प्रोग्राम तीच लिही. प्रत्येक गिऱ्हाइकाची तऱ्हा निराळी, त्यामुळे यंत्र जुळवायला दर वेळी तिलाच पळावं लागे. म्हणून तिने ‘भर’, ‘काप’, ‘झाक’ असे शब्द ठरवले. फिटरने नुसतं ‘झाक’ लिहायचं. प्रोग्राम यंत्रात जाण्यापूर्वी संगणक त्या जागी तिच्या खऱ्या ओळी चिकटवी. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

झालं उलटंच. शब्दाच्या पोटात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जरा अडलं की फोन हिलाच. त्यांच्यातला एक म्हातारा फिटर हसून म्हणे, "ताई, विहीर आम्हाला दिलीत, पण दोर तुमच्याच कमरेला राहिला."

मग धाकटीकडे राहणाऱ्या आईने अंथरूण धरलं. साहेबांनी दोनदा रजा पुढे ढकलली, तिसऱ्यांदा कशीबशी दिली. ती सामान घेऊन निघणार, तोच खबर आली की म्हाताऱ्या फिटरचा हात भाजला. पिशवीचं तोंड तापवून चिकटवणारा यंत्राचा जबडा उघडा होता, पिशवी नव्हती. थंडच असणार म्हणून तो पुसायला गेला.

पडद्यावर ओळ चोख होती: पिशवी असेल तर झाक. तिने संगणकाने चिकटवलेल्या ओळी उघडल्या. ‘झाक’मध्ये दोन हुकूम होते, जबडा मिटव आणि जबडा तापव. दोन्हींभोवती मिळून कंस घालायला ती विसरली होती. अट पहिल्यालाच लागली, दुसरा मोकाट सुटला; पिशवी नसतानाही जबडा तापत राहिला.

कंस घालणं चुटकीसरशी झालं. पण तो शब्द सगळ्या गिऱ्हाइकांकडे गेलेला, आणि यंत्र बंद ठेवा म्हटलं तर कुणी ठेवीना. साहेबांनी तिला जाण्यापासून अडवलं नाही. तुमचं तुम्हीच ठरवा, म्हणाले. अडवलं असतं तर बरं, निदान भांडता आलं असतं.

तिने बहिणीला फोन लावला. "इथे आणखी कुणी भाजेल गं. थोडं थांब."

"आईला काय सांगू?"

"येतेय म्हणून सांग."

"अक्का, ते तर मी रोजच सांगते."

थोरली परत खुर्चीत बसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर फिरवला. शेवटचं यंत्र शनिवारी दुरुस्त झालं. आई शुक्रवारी पहाटे वारली होती.