ठमीचा पुढचा दात

पेणच्या त्या धर्मादाय दंत दवाखान्यात सर्वांना एकच दर होता, आणि तोही परवडणारा. तशी पाटीच दारावर होती. तरीही आत बाकावर जागा असताना ठमी बाहेर पायरीवर बसली होती. तिला कोणी आत बस म्हटलं नव्हतं. रोह्याकडच्या एका कातकरी आदिवासींच्या वाडीतून ती एसटीने एकटीच आली होती. ओठ सुजला होता आणि पदर तोंडावर घट्ट धरलेला होता.

नाव पुकारल्यावर ती आत गेली. डॉक्टर मोकलांनी आरसा धरून पाहिलं. वरचा पुढचा दात खोलवर किडला होता.

"काढायचाय. पक्कड दे," ते मदतनीस पोपटला म्हणाले.

"राहणार नाय का वो?" ठमीने विचारलं.

आवाज इतका हलका, की डॉक्टरांना ऐकू गेला नाही. शेजारच्या खुर्चीवर गडब गावच्या गिरजाबाई कापसाचा बोळा चावून आडव्या होत्या. त्यांच्या दाढेचं रूट कॅनाल चाललं होतं. त्यांनी बोळा काढला.

"डॉक्टर, ती काय इचारते बघा. माझी दाढ तुमी राखताय. सुनेनं हट्ट धरला म्हणून, नायतर मला काय आता लग्नाला उभं राहायचंय? हिचा तर पुढचा दात. वय तरी काय हो पोरीचं!"

पोपट हसला. डॉक्टर हसले नाहीत.

"काकू, दात राखायला तीन-चार खेपा लागतात. दिवाळी झाली की ही माणसं कोळसाभट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परत. काम अर्धं राहिलं तर पू वाढतो. म्हणून वाडीवरचं कोणी आलं की मी दात काढूनच देतो. त्यांच्या भल्यासाठीच."

"ही कवा निघणार, ते इचारलात तिला?"

डॉक्टर ठमीकडे वळले. "भट्टीवर कधी जाणार?"

"मी नाय गेले." ती पदराआडून बोलली. "आख्खी वाडी गेली. माजा नवरा सोमा, त्यो बी गेला. मुकादम थांबत नाय. मी ह्या दातापायी मागं राहिले. वाडीवर आता मी नि कोंबड्या. पयले दोन दात शिबिरात काढले, कोणी इचारलं नाय. ह्यो गेला तर तोंड कसं उघडू?"

दात वाचावा म्हणून ही बाई रिकाम्या वाडीवर एकटी राहिली होती! आणि तिला न विचारताच तो निघणार होता!

डॉक्टरांनी दात पुन्हा तपासला. तो हलत नव्हता. एक्स-रेत मूळ शाबूत दिसलं. हे आधीही दिसलं असतं, पण त्यांनी फक्त वाडी पाहिली होती.

"पोपट, पक्कड आत ठेव." मग ते ठमीला म्हणाले, "दात राहील. तुम्हाला पुढच्या सोमवारी येता येईल?"

"येन."

"एकटी कशाला राहतेस गो?" गिरजाबाई म्हणाल्या. "चल गडबला माझ्याकडं."

"कोंबड्या कोण कोंडंल?" ठमी म्हणाली, आणि एकटीच स्टँडकडे गेली.

ती दर सोमवारी आली. दात भरून, वर कॅप बसवून झाल्यावर तिने आरशात बराच वेळ पाहिलं. दाखवायला सोबत कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोंबड्या टोपलीत घालून ती सोमाकडे भट्टीवर निघून गेली.

तेव्हापासून डॉक्टर मोकल वाडीवरच्या प्रत्येकाला आधी विचारतात. कित्येकजण "जमणार नाय, काढून टाका" म्हणतात. पण ते उत्तर त्यांचं स्वतःचं असतं.

वाचकहो, दर सारखा ठेवला की न्याय झाला, असं आपण समजतो. पण समोरच्या माणसाचं उत्तर त्याच्या जाती-जमातीवरून, वाडीवरून आपणच ठरवून टाकणं हाही भेदभावच आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आधी विचारूया, आणि उत्तर येईपर्यंत थांबूया. हलक्या आवाजातलं उत्तर यायला थोडा वेळ लागतो.