मुंग्यांची सुट्टी

आमच्या थोरल्या दिरांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. मुंगी दिसली की त्यांची हातोडी खाली. सख्खा धाकटा भाऊ धापा टाकतोय, तर म्हणे हवा बदललीय.

नव्या जैन मंदिराचं कोरीवकाम आमच्या घराकडे होतं. सगळं जुन्या पद्धतीचं. लोखंडाचा खिळासुद्धा नाही, दगडात दगड अडकवायचा आणि नक्षी छिन्नीनेच काढायची. दीर मुख्य कारागीर. आमचे हे खांबांवरची फुलं कोरायचे आणि संध्याकाळी घराचा जिना मध्ये मध्ये बसत चढायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दगडाची धूळ छातीत बसलीय. मास्क लावा, दगड ओला ठेवून कोरा, नाहीतर आटोपलंच. दीर ऐकून हसले. म्हणे पाण्याने नक्षीसाठी आखलेली गेरूची रेघ पुसली जाते, आणि आजोबांनी कुठे तोंड बांधलं होतं? आजोबा चाळिशीतच गेले, हे ते सांगत नाहीत.

ह्यांचं तर काय सांगू! दादापुढे मान वर करायची नाही. मी बोलले की, "एवढा खांब होऊ दे." असे किती खांब झाले.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर कोरायच्या दगडाखाली मुंग्या निघालेल्या. जीव दिसला की काम बंद, हा तिथला नियम. दिरांनी स्वतः मऊ कुंचा घेऊन एकेक मुंगी बाजूला नेली, जावयाला न्यावं तशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुंग्या गेल्या तशी मी त्याच दगडावर जाऊन बसले. ह्यांनाही हात धरून शेजारी बसवलं. पुन्हा उचललेल्या छिन्न्या सगळ्यांनी खाली ठेवल्या. ट्रस्टचे म्हातारे अध्यक्ष लगबगीने आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले.

"या दगडावर जीव आहे, काका," मी म्हटलं. "काम बंद करा. दगड ओला करून कोरणार असाल तरच आम्ही उठतो."

"अगं, ऊठ," हे म्हणाले. पुढे बोलायला श्वास पुरला नाही. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि दिरांना विचारलं, आम्हाला हे का सांगितलं नाहीत?

दीर बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला. थांबेचना. खांबाला धरून ते वाकले, खिशातून दम्याचा पंप काढून तोंडाला लावला. ह्यांचा आहे तसाच, निळा.

म्हणजे दीरही डॉक्टरांकडे जात होते. त्यांना सगळं माहीत होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.