शिंगाड्याची राखण

राधाकिशन आबांनी उभ्या आयुष्यात एकही बेडूक मारला नव्हता, पण गेल्या सव्वा वर्षात टीव्हीतले बेडूक त्यांनी इतके मारले की चित्रगुप्तालाही हिशेब लागला नसता. दुपारी जेवून ताट विसळायचं, टीव्हीखालचा काळा डबा चालू करायचा, बटणांचं यंत्र हातात धरायचं आणि पडद्यावरच्या गावाबाहेर रानात हिंडत सुटायचं. चार पावलं गेलं की बेडूक आडवा यायचा. तो मारायचा. पुन्हा चार पावलं, पुन्हा बेडूक. अंगावर जखमा झाल्या की गावच्या धर्मशाळेत झोपायचं, आणि उठून पुन्हा बेडूक. माजलगावच्या कालव्यावर ऊस असलेल्या बागायतदाराला हे शोभत नाही, असं भावकी म्हणायची. भावकीला तसं काहीच शोभत नसतं.

खेळ आबांचा नव्हताच. तो त्यांच्या लेकीचा, राजनंदिनीचा.

बायनाबाई, म्हणजे आबांची बायको, वारली तेव्हा घरात बाप आणि लेक दोघंच उरली, आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते ठाऊक नव्हतं. बोलण्याचं खातं बायनाबाईकडे होतं. 'आबांना विचार', 'पोरीला सांग', असा सगळा कारभार तिच्यामार्फत चालायचा. कॉलेज संपवून राजी घरी आली ती मैत्रिणीचा हा डबा घेऊन. खेळ भलताच लांब होता. एक पोरगी तलवार घेऊन निघते, गावोगाव सोबती जमवते आणि शेवटी किल्ल्यातल्या शिंगवाल्या दैत्याशी लढते. लिखाण सगळं इंग्रजीत. आबा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं ओळखायची, अर्थ लागायचा नाही. राजी वाचून मराठीत सांगायची, तेही आपल्या बोलीत. पडद्यावरचा एखादा गोरापान वजीर "कावून आलाव बे इकडं?" म्हणाला की आबांना ठसका लागायचा.

सोबत्यांची नावं आपणच ठेवायची. पोरगी झाली राजी. दुसऱ्या गावात लोहाराच्या दारात एक दांडगा कुऱ्हाडवाला गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला असतो. पोरगी येऊन बोलली तरच तो उठतो. राजी खळखळून हसली. "आबा, हे तर तुमीच!" जखमा बऱ्या करणारी बाई त्याच्याही पुढं भेटली, तेव्हा मात्र ती हसली नाही. गुपचूप आईचं नाव लिहिलं. त्यानंतर लढाईत आबा कोसळला की बायना हात वर करायची, पांढरा उजेड पडायचा आणि आबा उठून उभा राहायचा. खरे आबा तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघायचे.

घरात बोलणं आलं ते असं. जेवताना वाद व्हायचे, आधी ढाल घ्यायची की तलवार.

"ढाल घे. मार खाणारा टिकला, तर मारणारा मारील."

"आबा, तुमाला यातलं काय बी कळत न्हाई."

लेकीनं असं तोंडावर म्हणावं यात केवढं सुख असतं, ते आबांना उतारवयात कळलं.

दोघं किल्ल्यापर्यंत पोचली, पण शिंगाड्या काही हटेना. शिंगाड्या हे नाव आबांचं. दर वेळी तो तिघांनाही लोळवायचा. "ताकद कमी पडतीया," राजी म्हणाली. "रानात बेडकं मारून वाढवावी लागल." तेवढ्यात पुण्याचं स्थळ आलं आणि जमलंही. जायच्या आधी तिनं आबांना शिकवलं: लढायचं कसं, झोपायचं कसं, खेळ जपून ठेवायचा कसा. पहिल्या पानावरच्या वरच्या ओळीला मात्र हात लावायचा नाही. तिथं नवा खेळ सुरू होतो आणि जुना पुसला जातो. आणि पाठवणीच्या वेळी, सगळ्या बाया रडत असताना, ती आबांच्या कानाशी लागली. "शिंगाड्याला माझ्याबिगर मारू नका बरं."

आबांची अर्धी जमीन सटवा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. बटईचा रिवाज साफ आहे. राबायचं बटईदारानं, पण खळ्यावर रास पडली की मालक आल्याबिगर तिला हात लावायचा नाही. आबांनी खेळ तसाच धरला. मालकीण पुण्याला, आपण बटईदार.

सटवा कधीमधी उंबऱ्यात टेकायचा. "मालक, ही बेडकं सरत न्हाईत का?"

"न्हाई सरत."

"मंग मारता कावून?"

"ताकद वाढती."

"मंग जाऊन त्या शिंगाड्याला हाणा की एकदाचं."

"मालकीण यायची हाय," आबा म्हणायचे.

कंटाळा यायचा, नाही असं नाही. कधी बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि अंगठा आपला बटण दाबतच असायचा. पण त्या कंटाळ्यात राजी पुढं चालायची, मागं आबा, त्याच्या मागं बायना. घरात दुसरीकडं कुठं हे तिघं एका ओळीत चालत नव्हते.

सुरुवातीला फोनवर राजी विचारायची, "ताकद कुठवर आली?" मग विचारणं थांबलं. "जेवलात का?" "जेवलो." "ठेवू?" इतकंच उरलं. पहिल्या पंचमीला तिला रजा मिळाली नाही. दिवाळीला आली ती एका रात्रीपुरती, नवऱ्यासोबत. जावयासमोर बेडूक मारत बसणं आबांना बरं वाटलं नाही. या पंचमीला मात्र ती एकटी येणार होती. आबांनी टीव्ही पुसला, डब्यावर बायनाबाईनं विणलेला रुमाल घातला.

राजी आली आणि झोपली. माहेरी आलेली लेक झोपतेच. उठली की फोनवर ऑफिस, मग शेजारपाजार, मग झोका. आबा रोज डब्यावरचा रुमाल नीट करायचे. शेवटच्या दुपारी त्यांनीच घसा खाकरला. "शिंगाड्याचं काय करायचं?"

"कोण शिंगाड्या?" राजी म्हणाली, आणि मग तिला आठवलं. "अगं बाई! आबा, तुमी अजून थांबलाव?"

दोघं एकमेकांजवळ बसली. आबांनी पाण्याचा तांब्या, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा शेजारी आणून ठेवला. लढाई दिवेलागणीपर्यंत चालेल, असा त्यांचा अंदाज होता. किल्ल्याचं दार उघडलं. शिंगाड्या बोलू लागला आणि राजीनं आवाज घोगरा केला, "लई दिवसानं आलाव बे!" आबांना ठसका लागला. सव्वा वर्षात पहिल्यांदा.

पडद्यावरच्या आबानं कुऱ्हाड उगारली आणि हाणली. शिंगाड्या खाली बसला, थरथरला आणि विरून गेला.

"मेला?" आबांनी विचारलं.

"एका घावात!" राजी हसत सुटली. "आबा, किती वाढवली ही ताकद! त्याला हात उचलू दिला न्हाई तुमी." पडद्यावर इंग्रजी नावं वर सरकू लागली. ती थोडी बघून राजी उठली. "झालं बाई एकदाचं. चला, मला बॅग भरायचीय."

लाडवांचा डबा उघडलाच नव्हता. आबांनी तो तिच्या बॅगेत घालून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली आणि दुपारी आबांनी टीव्हीखालचा डबा लावला. खेळ जिथं जपून ठेवला होता तिथूनच सुरू झाला, किल्ल्याच्या दाराशी. म्हणजे आत शिंगाड्या जिवंत होता. आबांना क्षणभर उभारी आली. पण तो पुन्हा एका घावातच जाणार. त्यांनी कुऱ्हाड काढून ठेवली, चिलखत उतरवलं आणि रानात जाऊन बेडकाला नुसत्या हातानं मारलं. तोही एका फटक्यात मेला. कमावलेली ताकद उतरवायची सोय खेळात नव्हती.

मग ते पहिल्या पानावर गेले आणि वरच्या ओळीवर थांबले. बायनाही पुसली जाणार होती. त्यांचा अंगठा बराच वेळ बटणावर नुसता टेकलेला राहिला. मग त्यांनी तो दाबला.

नाव विचारलं गेलं. आबांनी एकेक इंग्रजी अक्षर शोधत 'राजी' लिहिलं. पडद्यावर एकटी पोरगी उभी राहिली. मागं कुणी नाही. पहिल्याच बेडकानं तिला अर्धमेलं केलं. आबांनी तिला धर्मशाळेत नेऊन झोपवलं, खेळ जपून ठेवला आणि डबा बंद केला.

सटवा उंबऱ्यात आला. "आज बेडकं न्हाईत, मालक?"

"रान पड टाकलंय."

"कवापस्तोर?"

"दिवाळीपस्तोर. राजी आली की ती नांगरंल."

"अन् तवर तुमी?"

आबा गुडघ्यांवर हात ठेवून बंद टीव्हीसमोर बसले होते. दुसऱ्या गावात, लोहाराच्या दारात असतो तसा माणूस, पोरगी येऊन बोलेपर्यंत.

"मी हाय की हितंच," ते म्हणाले.