खुराड्यातली पत्री

माघाचं ऊन. पिवळं, पातळ, कोवळं ऊन. डोंगराच्या कडेवरून ते ओघळलं, पळसाच्या निष्पर्ण फांद्यांतून गाळत गाळत खाली उतरलं, आणि हैबतीच्या परसात, कित्येक वर्षं मिटलेल्या खुराड्याच्या दाराशी येऊन थबकलं.

दगडमातीचं ठेंगणं खुराडं. आत अंधार, अंधारात गोवऱ्या, गोवऱ्यांवर कोळिष्टकं. लेक सासरी गेल्यापासून त्यात पाखरू म्हणून राहिलं नव्हतं. आणि लेकही, अनसाही, या घरात रात्रीची म्हणून राहिली नव्हती. आईच्या दहाव्याला आली, डोळे पुसले, दिवेलागणीच्या आधी परतली.

आज ती पुन्हा यायची होती. राहशील का, हे विचारायची हैबतीची छाती नव्हती. लेकीपुढं तोंड उघडेना, म्हणून म्हातारा खुराड्याचं तोंड उघडीत बसला होता. एवढीच त्याची अक्कल!

गोवऱ्या निघाल्या. कडुलिंबाच्या पाल्याचा नीलधूसर धूर झाला. भिंतींवर चुना चढला, ओला, शुभ्र, चंद्रधवल चुना. मुंगसाच्या भोकावर जाळी बसली, दाराच्या कुजक्या फळीच्या जागी नवी सागवानी फळी आली. मग सारवण्याआधी कोपरा झाडताना, जुन्या गवताच्या भुशाखाली, त्याच्या बोटांना काहीतरी टोचलं.

बैलाच्या खुराला ठोकतात ती, झिजलेली लोखंडी पत्री. ताम्रवर्णी, गंजानं फुललेली, हाताला गार.

ओळखली त्यानं. कोंबडी अंड्यांवर बसवताना खाली लोखंड ठेवतात, वीज कडाडली तरी आतला जीव दगावू नये म्हणून. ही पत्री अनसानं ठेवली होती. त्या साली मानमोडीच्या रोगानं सगळी पाखरं नेली, उरली ती तिची कवडी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. सुवर्णनेत्री, अर्धोन्मीलित, अंड्यांवर विसावलेली. आणि ती अंड्यांवर असतानाच अनसाची सुपारी फुटली, लग्न ठरलं.

सोयऱ्यांना काय वरणभात वाढायचा? हैबतीला ते कमीपणाचं वाटलं. अंड्यांवरची कोंबडी कापू नये, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. हैबतीनं कापली. "अंडीच तर हायती," म्हणाला, आणि मिटक्या मारत जेवला.

अनसा अंडी पदरात घेऊन चुलीच्या उबेला बसून राहिली. ऊब होती, पदर होता, माया होती, आई नव्हती. अंडी गार होत गेली.

विजेला लोखंड अडवतं. घरच्याच सुरीला काय अडवणार? हैबतीला हे आता कळत होतं. बैल गेला अन् झोपा केला! त्यानं जमीन सारवायला घेतली. बायकांच्या हातची ती डौलदार अर्धवर्तुळं काही जमेनात. बोटं वेडीवाकडी फिरत राहिली.

ऊन कलताना अनसा आली. केसांत रुपेरी धागे, हातात एकच पिशवी. शेजारून मागून आणलेली, अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी डालग्याखाली कुरकुरत होती, बाजूला टोपलीत अंडी.

ती खुराड्याशी वाकली. बराच वेळ सारवण बघत राहिली.

"आबा, हे तुमी सारवलं?"

"व्हय." त्यानं पत्री पुढं धरली. "कोंबडी तूच बसीव, बाय. माझ्या हातानं नको. चुकलं माझं. लई चुकलं."

अनसानं पत्री घेतली, पदरानं पुसली. गवत पसरलं, गवताखाली लोखंड, गवतावर अंडी, आणि अंड्यांवर, दोन्ही हातांनी अलगद, ती पंखभारली आई.

रस्त्यावर शेवटच्या यष्टीचा भोंगा वाजला. अनसा उठली नाही.

"जिनं बसवली तिनंच पिल्लं उठवायची असत्यात," ती म्हणाली. "पिल्लं निघूस्तवर हाय मी." मग, त्याच्याकडे न बघता, "आन् मधीच पाव्हणं आलं तर?"

"पिठलं वाढीन."

ती हसली. थकलेलं, प्रौढ हसू. पदरात अंडी घेऊन बसलेली पोर त्या हसण्यात कुठंच नव्हती. तिला आता कुणी परत आणणार नव्हतं.

हैबतीनं फळी लावली. हळू, अगदी हळू, आतल्या जिवाची पापणीही हलू नये अशी. त्या दिवशी अशीच लावून तो माघारी फिरला असता, तर!

डोंगरावरचं ऊन गेलं. पळसावरचं गेलं. ओल्या चुन्यावरचा उजेड तेवढा मागं राहिला, थोडा वेळ, आणि मग तोही गेला.