रविवारी बंद

जन्मात कुणाला ‘नाही’ न म्हटलेल्या माणसाशी एकदा संसार करून बघा, आणि मग बोला. आमच्या गल्लीतल्या वहिनींनी केला होता. त्यांचा नवरा मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचा. पुढे दुकान, मागे घर. कुणी काहीही आणो, कधीही आणो, याच्या तोंडून एकच शब्द निघायचा. उद्या देता? हो. आत्ता देता? हो. घरी येऊन बघता? हो हो. गल्लीनं त्याचं नावच होबा पाडलं होतं, आणि हा शहाणा त्या नावालाही ओ द्यायचा.

दुकानाचं शटर खाली असलं तरी त्याच्याशेजारी घराच्या दाराला बेल होती, आणि त्या बेलला वार माहीत नव्हता. रविवारी दुपारी होबानं दोन घास घेतले की ती वाजलीच म्हणून समजा. होबा उठायचा, वहिनी त्याच्या ताटावर झाकण ठेवायच्या. तो परत येईपर्यंत सासूबाईंची वामकुक्षी सुरू झालेली असायची, भांडी घासून झालेली असायची, आणि हा बापडा एकटाच गारढोण जेवण गिळत बसायचा.

“अहो, एक रविवार तरी माझ्याबरोबर बसून पूर्ण जेवा ना,” वहिनी म्हणायच्या.

“हो,” होबा म्हणायचा. आता या ‘हो’चं काय लोणचं घालायचं?

तर एकदा वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाई पंखा घेऊन दुकानात आल्या. छोट्या धंदेवाल्यांसाठी वर्ग काढतेय, म्हणाल्या, याल का? होबा काय म्हणाला ते सांगायला नकोच. वर्गाचा दिवस उजाडला तेव्हा याच्यापुढे इस्त्र्यांचा ढीग. “अगं, तूच जा ना. मी शब्द दिलाय.” आयजीच्या जिवावर बायजी उदार! वहिनी चरफडत गेल्या.

मास्तरीण वयानं लहान, पण जीभ अशी की कात्रीनं लाजावं. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता, होस्टिंग म्हणजे तुमची जागा, आता साचा निवडा, आता रंग निवडा, पासवर्ड विसरू नका. वहिनी पासवर्ड विसरल्या. नवा केला, तोही विसरल्या. एकदा तासभर खपून केलेलं पान कुठलंसं बटण दाबल्यावर असं गडप झालं की त्यांनी कपाळावर हातच मारून घेतला.

बरं, घरी तरी सुख? मास्तरणीनं सांगितलं होतं, तुम्ही काय देता ते एका ओळीत लिहून आणा.

“लिही,” होबा म्हणाला, “सर्व काही दुरुस्त करून मिळेल.”

“सर्व काही म्हणजे?”

“म्हणजे सर्व काही. उद्या कुणी विमान आणलं, तर नाही म्हणायचं का?”

“हो, आणि ते माझ्या स्वयंपाकघरात ठेवायचं.”

सासूबाईंना मुलाचा कोटातला फोटो हवा होता. वहिनींनी तोही लावला. कॉम्प्युटरवर झकास दिसला. पण फोनवर बघितलं की होबाचं डोकंच कापलं जायचं. “नाहीतरी कुठे वापरात होतं,” वहिनी पुटपुटल्या आणि फोटो पुन्हा बसवायला लागल्या.

शेवटी राहिलं संपर्काचं पान. फोन, पत्ता, आणि सगळ्यात खाली कामाच्या वेळा. सात वार, प्रत्येकापुढे एक बटण. दाबलं की ‘चालू’चं ‘बंद’ व्हायचं.

“इथे खरं तेच भरा हं,” मास्तरीण म्हणाली. “फोटो वाईट असला तरी लोक येतील. पण वेळ खोटी निघाली की गिऱ्हाईक गेलं.”

वहिनींनी सोमवारपासून सुरुवात केली. चालू, चालू, चालू. रविवारपाशी हात थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं, जणू सासूबाई वर्गात येऊन बसल्या होत्या. आणि दाबलं. ‘बंद’. एवढासा शब्द, पण इतक्या वर्षांत घरात कुणालाच उच्चारता आला नव्हता. साइट प्रसिद्ध करायची का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. त्यांनी विचार बदलायच्या आत हो म्हटलं.

घरी सांगितलं नाही. होबा दिवसभर येईल त्याला फोनवर स्वतःचा फोटो दाखवत होता. खालपर्यंत कोण बघतंय! पण रविवार जवळ येऊ लागला तसं वहिनींना घास गोड लागेना. याला कळलं तर काय करेल? काढून टाक म्हणेल?

रविवारी तिघं जेवायला बसली. होबानं दोन घास घेतले.

बेल वाजली.

होबा उठला. वहिनींनी झाकण ठेवलं आणि त्याच्या मागोमाग गेल्या. दारात एक गृहस्थ, काखेत मिक्सर, हातात फोन.

“तुमची साइट बघितली,” ते खुशीत म्हणाले. “आज बंद आहे असं लिहिलंय. म्हटलं बरं झालं, गर्दी नसेल, निवांत बघतील.”

वहिनींना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. एवढे पासवर्ड, एवढी मरमर, आणि हे फळ?

“बंद? कोण म्हणतं बंद?” होबानं फोन घेतला, खाली खाली गेला, आणि वाचलं. “अगं, हे कुणी...? मला विचारायचं तरी!”

“अहो, विचारलं असतं तर हो म्हणाला असतात!” वहिनींचा आवाज चढला. समोर परका माणूस उभा होता, तरी त्या थांबल्या नाहीत. “गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा हो म्हणता, तसंच मलाही हो म्हणता. कितीदा म्हणालात, आणि एकदा तरी बसलात का? मला नकोय तुमचा हो. कंटाळले मी!”

आतून सासूबाई ओरडल्या, “अगं, दारात आलेल्याला माघारी धाडायचं का?”

“भीड ही भिकेची बहीण, हे तुम्हीच सांगत होतात ना!” वहिनी मागे न बघता ओरडल्या.

गृहस्थांनी मिक्सर या काखेतून त्या काखेत घेतला. “मग... ठेवून जाऊ का?”

होबानं तोंड उघडलं. ‘हो’ अगदी ओठावर आला होता; वहिनींना तो आकार पाठ होता. त्यांनी मान फिरवली.

“म्हणजे... तसं... हे बघा ना,” होबाला घाम फुटला. त्यानं फोन गृहस्थांपुढे धरला आणि बोट ठेवलं. “इथे लिहिलंय.”

“मी तेच म्हणतोय, लिहिलंय.”

“हो, मग... बंद आहे. उद्या या.”

दार लागलं. होबा दाराला पाठ लावून असा उभा राहिला, जणू बाहेर दरोडेखोर होते. मग आत येऊन जागेवर बसला आणि ताटावरच्या झाकणाकडे बघत राहिला.

“झाकलंस?”

“सवयीनं,” वहिनी म्हणाल्या.

त्यानं झाकण उचललं. भातातून अजून वाफ येत होती.