मिसेस कानिटकरांना तिसऱ्यांदा समज

मी आयुष्यभर लोकांना झोपवायचं काम केलं. इंग्लंडमध्ये लीड्सच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो. रिटायर झाल्यावर मला स्वतःला दिवस खायला उठला, तेव्हा बायकोनं मला शाळेच्या इतिहासाच्या कामाला जुंपलं.

आमच्या उपनगरातली ही सरकारी प्राथमिक शाळा सव्वाशे वर्षांची. या जुलैत ती बंद होऊन शेजारच्या दोन शाळांबरोबर नव्या इमारतीत जायची होती. कौन्सिलच्या मते मुलं कमी झाली. माझ्या मते कौन्सिलची अक्कल. शेवटच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं आणि समितीच्या मिसेस अकरॉइडनी हेडमास्तरांच्या रोजच्या नोंदींच्या जाडजूड वह्या, म्हणजे लॉगबुकं, माझ्यापुढे आणून आदळली. डॉक्टर माणसाला कुणाचंही अक्षर लागतं, म्हणे.

लागलं खरं. पहिल्या वहीत मुलं ऱ्हुबार्बचे आंबट देठ काढायला शेतांवर गेली म्हणून वर्ग ओस. एका हिवाळ्यात कोळसा संपला, तर पोरं कोट घालून पाढे म्हणत होती. युद्धात खेळायच्या मैदानात बटाटे लावले. पुढे मुलांची आडनावं बदलत जातात, आधी आयरिश, मग पोलिश, मग सिंग, खान, पटेल. मी त्यात चांगलाच रमलो. बायकोला तसं सांगितलं नाही, नाहीतर म्हणाली असती, बघा, मी सांगत नव्हते?

मग नोव्हेंबर १९९३ची नोंद आली. "डिनर लेडी मिसेस कानिटकर यांना तिसऱ्यांदा समज दिली. मुलं नको म्हणत असतानाही त्या आग्रहानं पुन्हा वाढतात. त्या काही बोलल्या नाहीत."

मिसेस कानिटकर म्हणजे माझी बायको, प्रमोदिनी.

इकडे यॉर्कशरमध्ये समोरच्या कुणालाही लाडानं लव्ह म्हणतात, दुपारच्या जेवणालाच डिनर आणि शाळेत ते वाढणाऱ्या बाईला डिनर लेडी. प्रमोदिनीनं ते काम एकोणीस वर्षं केलं. आणि मी महाराष्ट्र मंडळात, पुण्याला फोनवर, सगळीकडे सांगत आलो की ती टीचर आहे. डॉक्टरच्या बायकोनं, त्यातून एम.ए. झालेल्या, एप्रन बांधून मटार वाढायचे हे मला पचत नव्हतं. एकदा सांगितलं आणि पुढे तेच खरं धरलं गेलं.

आता ते अंगाशी आलं. मंडळाच्या सेक्रेटरीचा, वैभवीचा फोन आला.

"काका, लास्ट डेला मंडळातले आम्ही सगळे येतोय. शाल-श्रीफळ देऊन प्रमोदिनीकाकूंचा सत्कार करायचाय, निवृत्त शिक्षिका म्हणून. स्पीच तुम्हीच द्या ना, प्लीज."

मी हो म्हणालो. तेव्हाच खरं सांगता आलं असतं, पण जीभ रेटली नाही.

प्रमोदिनी कणीक मळत होती. मी सत्काराचं सांगितलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"मी नाही येणार. तुम्ही त्या शिक्षिकेला घेऊन जा."

"अगं..."

"मला माहीत आहे हो, पहिल्या वर्षापासून. मंडळाच्या दिवाळीला एकीनं विचारलं, कुठल्या इयरला शिकवता? मी मान हलवली आणि चकली पुढे केली."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"मला कामाची लाज नव्हती. तुम्हाला माझी होती. त्यावर मी काय बोलणार?"

भूल न देता कुणी मला चिरलं असतं तर असंच वाटलं असतं. विषय बदलायला मी लॉगबुक पुढे सरकवलं. "आणि हे काय? तीन-तीनदा समज?"

नोंद वाचून ती चक्क हसली.

"आग्रहाशिवाय वाढायचं कसं, ते मला येतच नव्हतं. पहिल्याच वीकमध्ये एका मुलीला विचारलं, मोअर? ती नो म्हणाली. आपल्याकडे पहिलं नको कोण खरं धरतं? मी वाढलं. तिनं ते असं संपवलं ना, की मला कळलं, घरी काही शिजत नाही. अशी आणखीही होती. पण त्यांनाच जास्त वाढलं असतं तर बाकीच्या मुलांच्या लक्षात आलं असतं. म्हणून मग सगळ्यांनाच आग्रह. हेडना कारण सांगितलं असतं तर त्यांनी नावं विचारली असती. गप्प बसले."

इतकी वर्षं ती घरी येऊन "आज बटाट्याचा मॅश छान झाला होता" एवढंच सांगायची. मी त्यावर नाक मुरडायचो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शेवटच्या दिवशी ती आली, पण सत्काराला नाही. मिसेस अकरॉइडना शब्द दिला होता, म्हणून हॉलला लागून असलेल्या किचनच्या खिडकीमागे एप्रन बांधून उभी राहिली. सगळ्यांना शाळेच्या जेवणातलं जुनं गोड, ॲपल क्रम्बल आणि कस्टर्ड, द्यायचं होतं. स्टेजवर वैभवी शाल घेऊन तिला शोधत होती.

मी माइकसमोर गेलो. भाषण खिशातच राहिलं. ती नोंद तेवढी वाचली आणि इंग्रजीत म्हणालो, "मिसेस कानिटकर माझी पत्नी. ती टीचर नव्हती, डिनर लेडी होती. टीचर असल्याचं मीच सगळ्यांना सांगितलं, कारण मला तिच्या कामाची लाज वाटत होती. आज माझी वाटते."

ती आग्रह का करायची, ते मी सांगितलं नाही. ते तिनं जपलेलं होतं.

मंडळाची मंडळी आपापल्या बुटांकडे बघत होती. तेवढ्यात मागून एक टक्कल पडलेला चाळिशीचा गडी हुबेहूब प्रमोदिनीच्या आवाजात ओरडला, "लिटल बिट मोअर, लव्ह!"

हॉल हशानं दणाणला. मग ती सगळी मोठी झालेली पोरं उठली आणि खिडकीपुढे शहाण्यासारखी रांग लावून उभी राहिली. एक बाई रांगेत रडत होती. प्रमोदिनीनं तिला काही विचारलं नाही, बाऊल मात्र काठोकाठ भरला. वैभवी मागच्या दारानं आत गेली आणि तिनं शाल एप्रनवरच पांघरली.

सगळ्यांचं आटोपलं तेव्हा प्रमोदिनीचंच खायचं राहिलं होतं. मी आत गेलो, तिच्या हातातला डाव घेतला आणि तिला स्टुलावर बसवलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, मी तिला कधी वाढलं नव्हतं. कस्टर्ड थोडं टेबलावर सांडलं.

"अजून थोडं?" मी विचारलं.

"नको हो, पुरे," म्हणत तिनं बाऊलवर हात आडवा धरला.

मी तो हात बाजूला केला आणि वाढलं. ती काही बोलली नाही.