पूलवाल्या गटाचा करार

मी पूलवाल्या गटाचा करार बोलतोय. कार्यशाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला पिवळा पुठ्ठा दिसतोय ना, तोच मी.

माझा जन्म फजितीतून झाला. लाकडी पट्ट्यांचा पूल बांधण्याआधी एकमेकांशी कसं वागायचं ते ठरवून लिहा, असं बाईंनी प्रत्येक गटाला सांगितलं होतं. आमच्या चौघांनी शेजारच्या गटाचा करार जसाच्या तसा उतरवला. त्यात ‘रंगाचे ब्रश रोज धुवावेत’ हेही आलं. आमच्या पुलाला रंग द्यायचाच नव्हता. "नक्कल करायलाही अक्कल लागते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुठ्ठा उलटा करून परत दिला. त्या कोऱ्या बाजूवर मी उमटलो.

पहिलं कलम गटप्रमुखाने लिहिलं, ‘कॅप्टनचा शब्द शेवटचा.’ कॅप्टन म्हणजे तो स्वतःच. दोघा जिवलग मित्रांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. उरली ती संथ, हळू बोलणारी मुलगी. तिला सगळे गोगलगाय म्हणत. ती एकदा नापास झाली होती आणि पुन्हा झाली तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. तिने एवढंच घातलं, ‘चूक दिसली की त्याच दिवशी सांगायची. सांगणाऱ्यावर चिडायचं नाही.’ सगळ्यांनी सह्या ठोकल्या आणि मला विसरूनही गेले. माणसांची ही जुनी खोड.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पूल तयार झाला. गोगलगायीने मधल्या सांध्यावर नखाने टकटक केलं.

"हा सांधा पोकळ वाजतोय रे. आत गोंद पोचलाच नाहीये."

"आता सांगतेस? अख्खा पूल उसवायचा का मग?" कॅप्टन कडाडला.

तिने माझ्याकडे बोट केलं. "चिडायचं नाही, यावर तुझी सही आहे. हा पूल पडला तर माझं कॉलेज सुटेल."

कॅप्टन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला टराटरा फाडणार. त्याने पेन काढलं आणि पहिलं कलम स्वतःच्या हाताने खोडलं.

"सांग, कुठून सोडवायचं?"

दुसऱ्या दिवशी पुलाला एकेक वजन लटकत गेलं. शेजारच्यांचा पूल काडकन मोडला. आमचा हूं की चूं करेना. परीक्षकांनी सांध्याबद्दल नेमकं गोगलगायीलाच विचारलं. ती सावकाश सांगत गेली आणि कॅप्टनने मध्ये तोंड घातलं नाही. वजनं संपली, पूल उभाच. वर्गात पहिला नंबर आमचा. अभिमानाने मी खिळ्यावर डोलत होतो.

आता माझे कोपरे दुमडलेत, अंगावर गोंदाचे डाग आहेत. तरी सांगतो, करार करा तर भांडणाच्या वेळी त्याच्यासमोर या. नुसतं टांगून ठेवू नका.

निकालाच्या दिवशी गोगलगायीची आई आली. पूल डोळे भरून पाहिला, मग मला.

"यात तुझी सही कुठे गं?"

"ती काय, खाली कोपऱ्यात."

"एवढीशी?"

"तेव्हा वाटत होतं, कुणाला दिसू नये."

तिने कॅप्टनकडून पेन घेतलं आणि आईच्या देखत माझ्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.